झुंबरशेठचे हात

वाळवंटाच्या मधोमध एक उद्यान होतं आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. झाड नाही, कारंजं नाही, मुलांना घसरगुंडी नाही. वाळू, खडक, काटेरी झुडपं आणि एक दगडी चौथरा. लोक तरीही दिवसभर गाडी हाकून तिथे यायचे, कारण तिथला अंधार चांगला होता. इतका चांगला, की सरकारने त्याला संरक्षित ठरवलं होतं आणि तसा फलक फाटकावर लावला होता. फलक रात्री वाचता येत नाही अशी तक्रार आली, तेव्हा उद्यानाच्या साहेबांनी त्याच्यावर ट्यूबलाइट बसवली.

ती ट्यूबलाइट काढायला लावण्यात तिचं एक वर्ष गेलं होतं.

ती म्हणजे उद्यानातली आकाशवाली. कागदोपत्री हुद्दा लांबलचक होता, पण तो पुरता म्हणेपर्यंत पाहुण्यांची बस सुटायची, म्हणून सगळे आकाशवालीच म्हणत. काम सरळ होतं. दिवस मावळला की लोकांना चौथऱ्यावर न्यायचं, बसवायचं, आणि काहीच करायचं नाही. माणसाचा डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास घेतो. तो सराव मोडायला मात्र कोणाच्या तरी मोबाईलवर आलेला ‘पोचलास का’ एवढा मेसेज पुरतो. मग पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. लोक कुरकुरायला लागले की ती म्हणायची, “थोडा धीर धरा, डोळे सरावतील.” हे वाक्य तिच्या तोंडातून आता आपोआप निघायचं, लिफ्टमधून मजल्याचा आकडा निघावा तसं. डोळे सरावले की ती हात वर करून एकेक तारा दाखवायची. पूर्वी त्यासाठी लेझर होता. एका पाहुण्याने तो दुसऱ्या पाहुण्याच्या टकलावर फिरवल्यापासून साहेबांनी कपाटात बंद केला होता.

त्या आठवड्यात साहेबांनी तिला शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, अंधार कसा जपावा. एका झगझगीत हॉलमध्ये बसून ती आठवडाभर हे शिकली आणि संध्याकाळी परत आली, तर चौथऱ्याभोवती डझनभर खांब उभे होते. प्रत्येक खांबावर एक पांढरा दिवा होता. शेवटच्या खांबाला शिडी लावलेली होती आणि शिडीवर तिचे वडील होते.

तळपायाची आग मस्तकात जाते असं म्हणतात. तिची मस्तकातच राहायला होती, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचला.

“आलीस?” वडील वरून म्हणाले. “कसे वाटतात?”

“हे काय आहे?”

“दिवे.”

“ते दिसतंय मला.”

“दिसतंय ना? मग. म्हणूनच लावतात.”

वडिलांना सगळं गाव झुंबरशेठ म्हणायचं. भर बाजारात त्यांचं दिव्यांचं तीन मजली दुकान होतं. झुंबरं, हंड्या, नळ्या, माळा, आरशावरचे, आरशामागचे, आणि फ्रीजमधल्या दिव्यापेक्षा लहान असा एक, जो का बनवला हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. घर दुकानाच्याच वर होतं. दुकानाचा बोर्ड बरोबर तिच्या खिडकीसमोर. त्यावर शेवटी ‘आणि सन्स’ असं होतं, आणि त्यातलं ‘न्स’ रात्रभर तिच्या उशीवर जळायचं. ती लहानपणी झोपायचीच नाही, डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायची, म्हणून वडिलांनी तिचं नाव घुबड ठेवलं. बोर्ड बंद करावा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. अंधार म्हणजे काय हे तिला कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर ती घरी परत गेली ती फक्त कपडे आणायला.

“हे काम तुम्हाला कोणी दिलं?”

“तुझ्या साहेबांनी. मी अर्ज केला, त्यांनी घेतला. लोक पडतात म्हणे इथे. आजची रात्र ट्रायल, म्हणून पाहुणे नाहीत. रात्रभर व्यवस्थित चालले की उद्या काम पक्कं. मग फाटकापासून इथपर्यंत सगळे आपलेच दिवे.” ते शिडी उतरले आणि दोन्ही हात झटकले. हात झटकताच समोरचा दिवा भक्कन लागला. “बघितलंस? सेन्सर. माणूस हलला की लागतो. माणूस स्वस्थ बसला की थोड्या वेळाने आपला आपण विझतो. म्हणजे तुझा अंधारही राहिला आणि माझा उजेडही.”

“आणि माणूस हलला तर?”

“कशाला हलेल? आकाश बघायला आलाय ना? बघावं आणि गप बसावं.”

तिने डोळे मिटून घेतले. दिव्याच्या उजेडात पापण्यांच्या आतसुद्धा लाल दिसत होतं.

“साहेबांना आत्ता फोन करते.”

“ते शहरात गेलेत. सकाळी येतील. मेन स्विच ऑफिसात आहे, किल्ली त्यांच्याकडे. मी काय आज धंद्याला लागलोय?”

तेव्हा ती म्हणाली, “ठीक आहे. पैज लावा.”

झुंबरशेठनी आयुष्यात पैजेला नाही म्हटलं नव्हतं. दुकानाचा तिसरा मजला एका पैजेतूनच उभा राहिला होता, असं ते सांगत.

“मी इथे बसते, तुम्ही माझ्या शेजारी बसा. दिवे विझले की पुढचा अर्धा तास तुम्ही हलायचं नाही. तुम्ही एवढं करून दाखवलंत, तर दिवे राहतील, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर उद्या साहेब यायच्या आत सगळे खांब उपटायचे.”

“बोलायला चालेल?”

“हवं तेवढं.”

“मग झालंच की,” झुंबरशेठ म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी हवेत असा हात फिरवला की आणखी दोन दिवे लागले.

तिने पैज विचार करून लावली होती. वडील हातांनी बोलतात हे तिला जन्मापासून माहीत होतं. झुंबर विकताना ते हातांनी आधी छत उभं करायचे, मग त्याला झुंबर टांगायचे, मग गिऱ्हाइकाच्या सुनेला त्याखाली उभं करायचे. फोनवरसुद्धा हात चालायचे. दोन वर्षांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. त्या दिवसांत त्यांना एक वाक्य धड पुरं करता येईना आणि दुकानाची विक्री जमिनीला टेकली. थोरल्या भावाने, म्हणजे तिच्या दादाने, फोनवर सांगितलं होतं, बाबा मुके झालेत. ती हसली होती.

सूर्य गेला, मागोमाग संधिप्रकाशही गेला. दोघं चौथऱ्याच्या कडेला बसले, पाय खाली सोडून. झुंबरशेठनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

“वेळ कशी मोजणार? मनगट बघायला हलावं लागेल,” ते म्हणाले.

“समोर सुळका आहे. त्याच्या डोक्यावर पिवळसर तारा आहे. तो सुळक्यामागे गेला की अर्धा तास.”

“मला कुठलाही तारा दिसत नाही.”

“दिसेल.”

“म्हणजे घड्याळ फक्त तुला दिसणार. पंच पण तूच.”

“दुकानात वॉरंटी कार्डावर तारीख कोण घालतं? तुम्हीच ना?”

दिवे एकेक करून विझले. अंधार अजून पुरता पसरतोय तोच भक्कन सगळा चौथरा पांढरा झाला. खालून एक उंदीर पळाला होता.

“हे कोणाच्या खात्यात?” तिने विचारलं.

“कोणाच्याच नाही. पण बघ, उंदीरसुद्धा सुटत नाही. माल आहे हा माल.”

पुन्हा दिवे विझायची वाट बघणं आलं. या वेळी तिने वेळ घालवला नाही. शेवटचा दिवा विझल्याबरोबर सुरुवात केली.

“बाबा, तुम्हाला मुलगे किती?”

“हा काय प्रश्न आहे?”

“किती?”

“एक.”

“मग बोर्डावर ‘सन्स’ कसं?”

“बोर्डवाल्याने लावलं. सगळ्यांचं तसंच असतं. एकट्या मुलाचं भारदस्त दिसत नाही.”

“म्हणजे नसलेला दुसरा मुलगा चालला. असलेली मुलगी चालली नाही.”

शेजारी अंधारात काहीतरी थरथरलं. मांड्या होत्या. त्यांच्याखाली दोन हात सुटायला धडपडत होते.

“तू दुकानात बसायला तयार होतीस?”

“विचारलंत?”

“तुला काय विचारायचं? तू गिऱ्हाइकाला सांगितलंस, एवढा मोठा दिवा कशाला, झोप येणार नाही. आठ वर्षांची होतीस. ते गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. आजतागायत तिथेच जातं.”

“खरंच सांगितलं होतं. मला झोप येत नव्हती. दहा वर्षं ते ‘न्स’ माझ्या डोळ्यात जळत होतं. आईला सांगितलं, ती म्हणाली पडदा लावू. तुम्ही म्हणालात, पडदा लावला तर बोर्डाचा घरात येणारा उजेड वाया जाईल. असं म्हणालात. वाया जाईल.”

“मी तसं म्हणालो?”

“शब्दन् शब्द.”

“मग बरोबरच म्हणालो.”

तिच्या लक्षात आलं की डाव उलटा पडतोय. भडकवायचं त्यांना होतं आणि दात तिचे आवळत चालले होते. तिने ठेवणीतलं काढलं.

“मी घर सोडलं तेव्हा तुम्ही बाजारात काय सांगितलंत? मुलीला नोकरी लागली. कसली, तर लाइटिंगमध्ये.”

“मग काय सांगायचं होतं? मुलगी अंधार राखते? तो न राखला तर जातो कुठे? कोणी चोरतं तो?”

“तुम्ही. आज. डझनभर खांब लावून.”

एवढ्यावर तरी हात बाहेर यायला हवा होता. आला नाही. उलट झुंबरशेठ बोलायला लागले ते अशा आवाजात, की तिला आधी ओळखूच आला नाही. हातांशिवाय त्यांच्या बोलण्याला चढ-उतार राहिला नव्हता. रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगावा तसं ते सांगत होते.

“मी बाथरूममध्ये पडलो नव्हतो. इथे पडलो. दोन वर्षांपूर्वी. तुला न सांगता आलो होतो, पाहुण्यांच्या बसने. म्हटलं, बघू तरी मुलगी काय राखते. तुझ्या या चौथऱ्याच्या पायऱ्या आहेत ना, शेवटच्या पायरीच्या बाजूला घळ आहे. पाय चुकला. घळीत गेलो. हाताखाली काहीतरी मोडलं, तो हातच होता. मी हाक मारली, अहो, कोणी आहे का. तू वर होतीस. लोकांना शनी दाखवत होतीस. मी परत हाक मारली. तेव्हा तू वरून म्हणालीस, थोडा धीर धरा, डोळे सरावतील.”

वारा नव्हता. कुठे काही हललं नाही.

“लोक हसले,” झुंबरशेठ पुढे म्हणाले. “कोणीतरी मला शू केलं. मग मी धीर धरला. बराच धरला. डोळे सरावले, तेव्हा घळ दिसली. वर चढलो, बसमध्ये जाऊन बसलो, घरी गेलो. तेव्हाच ठरवलं, इथे दिवे लावायचे.”

तिला ती हाक आठवत होती हे सगळ्यात वाईट. असा आवाज रोज कोणी ना कोणी काढायचं. रोज ती तेच उत्तर द्यायची.

“माझ्या नावाने हाक मारायची होती,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

“बसभर लोकांसमोर काय ओरडू? ए घुबडे?”

“हो.”

“मला लाज वाटली.”

“आणि दोन वर्षं सांगितलं नाहीत.”

“तू तरी दोन वर्षांत घरी आलीस का? प्लास्टर बघायला?”

“दादा म्हणाला किरकोळ आहे.”

“दादाला मीच सांगितलं होतं तसं म्हणायला.”

“मग मला काय स्वप्न पडणार होतं?”

“पडलं असतं. झोपत असतीस तर.”

तिच्याकडे राग भरपूर होता, पण तो आता कोणावर काढावा हे कळत नव्हतं, आणि असा बिनपत्त्याचा राग फार वाईट. ती दात-ओठ खात सुळक्याकडे बघत राहिली. पिवळा तारा सुळक्याच्या अगदी खांद्याशी आला होता. म्हातारा जिंकत होता.

मग झुंबरशेठ वैतागून म्हणाले, “झालं. ढग आले. आता ते तुझा तारा पण झाकतील आणि तू म्हणशील मी हललो.”

“इथे ढग येत नाहीत.”

“मग तो काय आहे? इकडून तिकडे गेलाय, सबंध. कोणीतरी चुना सांडल्यासारखा. आणि त्याच्या पोटात काळं काय आहे?”

तिने बघितलं. ते कशाकडे बघतायत हे कळायला तिला क्षण लागला, कारण ती रोज ते बघत होती. आकाशगंगा सुळक्यापासून ऑफिसच्या छपरापर्यंत आडवी पडली होती, आणि जन्मभर झुंबराखाली काढलेले तिचे वडील त्या पट्ट्याकडे तोंड वर करून, हात मांड्यांखाली दाबून, गळती लागलेल्या छताकडे बघावं तसे संशयाने बघत होते.

“ढग नाहीत बाबा, ते सगळे तारेच—” ती म्हणाली, आणि सवयीने तिचा हात वर गेला.

डझनभर दिवे लागले.

सगळं पांढरं झालं. चौथरा, वाळू, झुडपं, वडिलांचं तोंड. वर काहीच उरलं नाही. काळं फडकं पसरल्यासारखं आभाळ.

झुंबरशेठनी डोळे चोळले. आता त्यांना हलायला हरकत नव्हती.

“मी हललो नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“तू हललीस.”

“हो.”

“म्हणजे मी जिंकलो.”

“जिंकलात. राहू द्या दिवे.” तिने हे अशा आवाजात म्हटलं, की त्या आवाजाने दुकानाचा तिसरा मजला पाडता आला असता.

झुंबरशेठ वर बघत होते. मान इकडे करून बघितली, तिकडे करून बघितली. कपाळावर हाताचा आडोसा धरला.

“ते परत कधी लागेल?”

“काय?”

“ते वरचं.”

“लागत नाही ते. असतंच. हे विझले की पुन्हा अर्धा तास.”

“आत्ताच अर्धा तास बसलो ना?”

“तो गेला.”

“गेला म्हणजे? सगळा गेला? एका हातात?” त्यांचा आवाज चढला. हातही चढले. “ही कसली वस्तू आहे? अर्धा तास लावते आणि एका झटक्यात जाते? मी असं गिऱ्हाइकाला दिलं तर तो माझ्या तोंडावर आणून आपटेल.”

“मला रोज तेच होतं. रोज. कोणाचा तरी मोबाईल, कोणाची तरी गाडी. आता तुम्ही आलात.”

झुंबरशेठनी पायातला बूट काढला आणि सगळ्या ताकदीने समोरच्या दिव्यावर फेकला. नेम चांगला होता. दिवा मात्र त्यांच्याच दुकानचा होता. बूट खाडकन आपटला आणि वाळूत पडला. दिव्यावर ओरखडा उठला नाही.

“न फुटणारी काच,” झुंबरशेठ दात आवळून म्हणाले. “गारांचीसुद्धा हमी आहे. मीच निवडली. मीच.”

दुसरा बूट दुसऱ्या दिव्याला लागला. तोही उत्तम निघाला. तिने दगड मारला, मग तिघाचौघांच्या नावाने शिव्या घालत आणखी दगड मारले, त्यात साहेब होते, प्रशिक्षणाचा हॉल होता, बोर्डवाला होता. प्रत्येक दगडाला दिवे नव्या उत्साहाने जळत राहिले. शेवटी झुंबरशेठ अनवाणी जाऊन शिडी घेऊन आले.

“शिडी धर.”

“पैज तुम्ही जिंकलायत.”

“मला शिकवू नकोस. धर.”

एकेक खांब करून ते वर चढले, वायरीचा जोड उपसला, स्क्रू काढले, दिवा खांद्यावरच्या पिशवीत टाकला. पिशवी भरली की खाली वाळूत रिकामी करायची. दिवे काढायला उजेड लागतो, तो उरलेले दिवे देत होते. काढणाऱ्याला इतकी मदत करणारा माल झुंबरशेठनी आधी विकला नव्हता.

“साहेबांना काय सांगाल?” तिने खालून विचारलं. “माल खराब निघाला?”

“जीभ झडेल माझी.”

“मग?”

“उंदरांनी वायरी खाल्ल्या. पायरीवर मात्र एक दिवा राहील. घळीपाशी.”

“लाल. गुडघ्याखाली. तोंड जमिनीकडे. आणि हलणारं-बिलणारं काही नको.”

“लाल मी ठेवत नाही.”

“मग नको.”

“मागवतो,” झुंबरशेठ खेकसले. “दोन वर्षांपूर्वीच लावला असतास तर माझं मनगट शाबूत असतं.”

“दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर लावला असता.”

शेवटचा खांब उरला. ते चढले, जोड उपसला, आणि सगळं गुडुप झालं. स्वतःची बोटं दिसेनात. झुंबरशेठ शिडीच्या टोकावर, दिवा पिशवीत, पाय पायरीसाठी चाचपडतोय.

“पायरी दिसत नाही,” ते म्हणाले.

तिच्या जिभेवर ते वाक्य आलं. आपोआप आलं, पहिले दोन शब्द ओठांपर्यंत पोचले. तिने ते गिळले.

“डावा पाय खाली घ्या,” ती म्हणाली. “अजून थोडा. तिथे आहे पायरी.”

पाय खाली आला नाही.

“राहू दे. पडायचंच असेल तर बघून पडतो. अर्धा तास म्हणालीस ना?”

“शिडीवर?”

“तू धरलीयस ना? मग धर. आणि ‘सन्स’ मी मुद्दाम लावलेलं नाही.”

“मग काढा.”

“पक्क्या पत्र्यात कापलंय ते. निघत नाही.”

“उंदरांना सांगा.”

ते वर भांडत राहिले, ती खालून भांडत राहिली. दादाचं निघालं, आईचं निघालं, ‘वाया जाईल’चं तर तीनदा निघालं आणि तिन्ही वेळा झुंबरशेठ म्हणाले की आपण बरोबरच म्हणालो होतो. तिचे हात भरून आले. मग एकाएकी वरचा आवाज थांबला.

“आलं,” ते म्हणाले. “त्या काळ्याच्या डावीकडे ते काय आहे? पुंजक्यासारखं?”

तिचे दोन्ही हात शिडीला होते. “कुठल्या काळ्याच्या?”

“अगं ते. हे नाही, ते.”

“तोंडाने सांगा. सुळक्याच्या वर की ऑफिसच्या?”

“तोंडाने कसं सांगू? हे बघ, इथून—” आणि काळोखात झुंबरशेठचा हात सुटला. त्याने आभाळाला एक लांबलचक रेघ मारली, परत मारली, मग दुसराही हात सुटला. शिडी गदगदा हलायला लागली. कुठेही काहीही लागलं नाही.

“हलू नका,” ती दात आवळून म्हणाली, आणि शिडी आणखी घट्ट धरली.